एकाच भेगेतून रोज वेगळं पाणी! लॅब चुकतेय, दगड चुकतोय की मी?

दगडफूल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

नाशिकजवळच्या एका कॉलेजात एम. ई. करतेय. प्रोजेक्टचा विषय: भेगाळ बसाल्टची (म्हणजे आपल्या काळ्या कातळाची) पारगम्यता, म्हणजे त्यातून पाणी किती सहज जातं ते, लॅबमध्ये मोजणे. विषय गाइडनी दिला, दगड मामांनी. मामांची जमीन सिन्नर तालुक्यात आहे. शेजारून पुलाच्या कामासाठी कोअर (दगडाचा दंडगोल नमुना) काढणारी गाडी आली होती, तिच्याकडून मामांनी चहापाण्यावर एक भोक मारून घेतलं. शेततळं खोदायचं होतं, म्हणून खाली काय आहे ते बघायचं होतं. त्यातले १८ मीटर खोलीवरचे दोन तुकडे मी उचलले. एकाच भेगेचे, एकाखाली एक. व्यास ५४ मिमी, लांबी १०० मिमी, आणि भेग जवळजवळ उभी, वरून खालपर्यंत आरपार. भेगेच्या तोंडावर हिरवट काळपट काहीतरी आहे, नखाने निघतं.

मांडणी अशी: कोअर रबरी नळीत घातला, नळीबाहेर तेलाचा दाब २० बार. खालून पाणी आत, वरून बाहेर. पाण्याची उंची कायम १ मीटर. पाणी डिस्टिल्ड वापरलं, म्हणजे शुद्धतेची भानगड नको. बाहेर आलेलं पाणी मोजपात्रात धरायचं आणि घड्याळ बघायचं.

पहिला तुकडा: सोमवारी मिनिटाला २६ मिली. मंगळवारी १९. बुधवारी १४. गुरुवारी ११.

दगड तोच, दाब तोच, उंची तीच. लॅबमधल्या दादांचं म्हणणं, "दगड पाणी प्यायला की असंच होतं, सरासरी टाका." गाइड म्हणतात पुन्हा करा. मामांचा रोज रात्री फोन: "आकडा आला का? तळ्याला प्लास्टिकचा कागद टाकू का नको?"

तज्ज्ञांनी प्रकाश टाकावा.

मिसळप्रेमी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

बोअरवाला_बंडू

ताई, राग मानू नका. वीस वर्षं बोअर मारतोय, सिन्नर, चांदवड, येवला सगळं पालथं घातलंय. इकडच्या कातळात पाणी कुठे लागेल ते पाणाड्यालाही कळत नाही आणि मशीनलाही. या भोकात साडेतीन इंच पाणी आणि पंधरा फुटांवर धुरळा. वीतभर तुकडा लॅबमध्ये नेऊन काय कळणार? जमिनीतून काढला तिथेच खेळ संपला.

शंकेखोर

मला मुळात एक विचारायचंय. काळा पाषाण आरपार पाणी सोडतो? आमच्या वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं आहे, शंभर वर्षांत ओल आली नाही.

निवृत्त_अभियंता

@शंकेखोर, जोत्याचा दगड अखंड, हिचा भेगाळ. हिशेबच मांडू. भेग नसलेला घट्ट बसाल्ट घ्या, पारगम्यता धरा दहाचा उणे अठरावा घात, चौरस मीटरमध्ये. त्यात हिच्याच मापाचा तुकडा, हीच १ मीटरची उंची. वर्षभरात किती पाणी येईल? साधारण ७ मिली. दीड चमचा. हिच्या भेगेतून तेवढं सोमवारी पंधरा-सोळा सेकंदांत येत होतं. म्हणजे हिच्या प्रयोगात दगड जवळपास नाहीच, आहे ती फक्त भेग.

आता दगडफूल, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगंतुगं करतो. धरणांच्या पायांवर आयुष्य गेलंय, लॅबमध्येही काही वर्षं काढली आहेत. तुझ्या धाग्यात तीन वाक्यं आहेत ज्यांच्यावर मी लाल पेन फिरवला असता. "डिस्टिल्ड." "२० बार." "हिरवट काहीतरी."

पण आधी भेगेचं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फ्रेंच अभियंता डार्सीने १८५६ साली नियम मांडला तो वाळूच्या नळकांड्यावर. वाळूत पाणी सगळीकडून जातं. भेग म्हणजे दोन काचा जवळ धरल्यासारखं. तिथे प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दुप्पट, पाणी आठपट. रुंदी निम्मी, पाणी एक अष्टमांश. तुझ्या २६ मिलीवरून उलटा हिशेब केला तर फट येते ०.१ मिमी. ११ मिलीवरून येते ०.०७५. म्हणजे चार दिवसांत काय बदललं? पंचवीस मायक्रॉन. डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी फट मिटली आणि तुझं निम्म्याहून जास्त पाणी गेलं. त्यामुळे "दगड पाणी प्यायला" वगैरे ठीक आहे, पण केसाचा तिसरा हिस्सा कोण खातंय ते शोधायला हवं.

संशयित चार.

हवा. नळाच्या किंवा साठवलेल्या पाण्यात हवा विरघळलेली असते, भेगेत तिचे बुडबुडे सुटतात आणि अडकतात. पाणी व्हॅक्यूमखाली ठेवून किंवा उकळून थंड करून वापरलंस का? ओळखायचं कसं, तर दोन्ही टोकांचा पाण्याचा दाब सारखाच वाढवून बघ. उंचीतला फरक तोच ठेव. प्रवाह परत चढला तर गुन्हेगार हवा.

गाळ. भेगेतली भुकटी पाण्याबरोबर सरकते आणि अरुंद जागी अडकते. त्यासाठी पाण्याची दिशा उलटी कर. गाळ असेल तर प्रवाह झटक्यात वाढेल आणि हळूहळू पुन्हा उतरेल.

दाब. फट नुसती मिटत जाते, विशेषतः पहिल्यांदा दाबताना.

चौथा तो हिरवा पदार्थ. बहुतेक चिकणमातीच्या जातीचा. आपल्या बसाल्टच्या भेगांत आणि पोकळ्यांत हिरवी माती असते, काहींत फुगणारी. तिला डिस्टिल्ड पाणी पाजलंस! जमिनीतल्या पाण्यात क्षार असतात, त्यांच्यामुळे ती आवळून बसलेली असते. क्षार काढून घेतले की फुगते, सुटते, पसरते. शुद्ध पाणी वापरून तू दगडाला परक्या पाण्यात बुडवलंस.

दगडफूल

काका, वाचता वाचता घाम फुटला. राग अजिबात नाही, उलट दंडवत. पाणी उकळून घेतलं नव्हतं. डिस्टिल्डचे कॅन महिनाभर तसेच होते.

आणि २० बार का? कारण दादा म्हणाले इथे सगळे २० लावतात.

निवृत्त_अभियंता

१८ मीटरवर वरच्या दगडाचं ओझं किती? १८ गुणिले २.८, म्हणजे साधारण ५ बार. तू भेगेला जमिनीत होता त्याच्या चौपट दाबलंस. (भेग उभी आहे, तेव्हा तिला बाजूने किती दाब होता ते ५ पेक्षा कमी किंवा जास्तही असू शकतं, पण २० ला काही आधार नाही.) आणि भेग दाबली की ती सरळ रेषेत मिटत नाही. सुरुवातीला भराभर मिटते, मग खडबडीत टोकं एकमेकांवर टेकतात आणि अडते. दाब काढला तरी पूर्ण उघडत नाही. पहिल्या फेरीचे आकडे म्हणूनच कोणी छापत नाही, दोन-तीन वेळा दाबून-सोडून मग मोजतात.

मिसळप्रेमी

काकांनी क्लास घेतला. हा धागा ललित विभागात हलवा कोणीतरी, चिकणमातीवर डोळ्यांत पाणी आलं.

शंकेखोर

दीड चमचा हे पटलं. जोत्याची चिंता मिटली. पण पाण्याऐवजी वायूने मोजता येत नाही का? वायूने माती फुगणार नाही.

निवृत्त_अभियंता

मोजतात, नायट्रोजनने. पण दोन अडचणी. कमी दाबाला वायू भिंतींवरून घसरत जातो आणि पारगम्यता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. क्लिंकेनबर्गने १९४१ मध्ये ती दुरुस्ती दाखवली, वेगवेगळ्या दाबांना मोजून ती काढावी लागते. रुंद भेगेत हा परिणाम नगण्य असतो, घट्ट दगडात मोठा. दुसरी अडचण, कोअर वाळवावा लागतो. वाळवला की ती हिरवी माती तडकते आणि तुम्ही नवीनच भेग मोजता. दगड घट्ट असेल तर थेंब मोजत बसण्यात अर्थ नसतो. मग एका टोकाला दाबाचा छोटा झटका द्यायचा आणि तो किती वेळात विरतो ते बघायचं. ब्रेस, वॉल्श आणि फ्रांगोस यांनी १९६८ साली ग्रॅनाइटवर हे करून दाखवलं. हिला त्याची गरज नाही, हिचं पाणी वाहतंय.

द्राक्षबाग

इतका वेळ वाचत होतो. एक बाळबोध शंका. मामांचं शेततळं किती खोल?

दगडफूल

तीन मीटर.

द्राक्षबाग

आणि तुकडा कुठला?

बोअरवाला_बंडू

😂😂😂 द्राक्षबाग, दंडवत स्वीकारा.

दगडफूल

😳 अठरा.

पण मामांना मी सांगितलेलं नाही की लॅबमधून कागदाचं उत्तर येईल! त्यांनीच गृहीत धरलं. आणि मीही कधी खोडलं नाही, कबूल.

द्राक्षबाग

निफाडात माझी दोन शेततळी आहेत. सांगतो. तीन मीटरवर तुमच्याकडे मुरूम किंवा मांजऱ्या (मऊ खडक) असेल, त्याच्याखाली कातळ. तळाशी दोन बाय दोन फुटांचा खड्डा काढा, आत पट्टी रोवा, रात्री भरून ठेवा, सकाळी बघा किती उतरलं. आदल्या दिवशी एकदा भरून कोरड्या मातीला पिऊ द्या, नाहीतर फसाल. मुरमात रातोरात खड्डा रिकामा होतो. तसं झालं तर कागद टाका, सोपं आहे. आणि टाकायचा नसेल तर तळं पाझरायला सोडा, खालची विहीर भरेल. दोन्ही हवं म्हणून चालत नाही, मामांना हे विचारा.

बोअरवाला_बंडू

बघा, मी काय म्हटलं होतं. जमिनीचं जमिनीतच मोजायचं.

निवृत्त_अभियंता

बंडू, तुझं अर्धं बरोबर आहे. जमिनीत मोजणं हवंच. धरणाच्या पायात आम्ही तेच करायचो: बोअरमध्ये वरखाली पॅकर (फुगणारी रबरी बुचं) फुगवायचे, मधल्या तीन-पाच मीटरमध्ये पाणी दाबायचं आणि किती गेलं ते मोजायचं. १० बार दाबाला दर मीटरला मिनिटाला एक लिटर गेलं तर एक ल्युजॉन. स्विस भूवैज्ञानिक मॉरिस ल्युजॉन यांनी १९३३ साली हे माप आणलं, आपल्याकडे आयएस ५५२९ च्या दुसऱ्या भागात ही चाचणी दिली आहे. पण पॅकरने एकच आकडा मिळतो, सगळ्या भेगांचा मिळून. भेग दाबल्यावर कशी मिटते, माती कशाने फुगते, हे तिथे वेगळं काढता येत नाही. ते लॅबमध्येच कळतं. नाशकात १९५९ पासून दिंडोरी रोडला मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) उभी आहे ती काही हौसेखातर नाही.

दगडफूल, आता एक खरा प्रश्न तुला. २६ मिलीवरून पारगम्यता किती लिहिणार आहेस?

दगडफूल

सर म्हणतात डार्सीत (पारगम्यतेचं एकक) लिही. सूत्रात क्षेत्रफळ कोअरचं घातलं, ५४ मिमी व्यासाचं. साधारण २ डार्सी आलं.

निवृत्त_अभियंता

आणि क्षेत्रफळ भेगेचं घातलं तर? ५४ मिमी गुणिले ०.१ मिमी.

दगडफूल

थांबा.

...

८४० डार्सी?! चारशेपट फरक. हे चुकलंय कुठेतरी.

निवृत्त_अभियंता

काही चुकलेलं नाही. दोन्ही बरोबर. एकात तू पाणी अख्ख्या दगडावर वाटलंस, दुसऱ्यात फक्त भेगेवर. आणि पहिला आकडा फसवा अशासाठी की तुझा ड्रिल ५४ मिमीचा होता म्हणून तो २ आला. जाड ड्रिल असता तर एकच भेग मोठ्या दगडावर वाटली गेली असती आणि आकडा खाली आला असता. भेग तीच! दगडाचा गुणधर्म ड्रिलच्या व्यासावर कसा ठरेल?

बंडूसाठी हेच ल्युजॉनमध्ये सांगतो. तुझे २ डार्सी म्हणजे साधारण १५० ल्युजॉन, भयंकर गळका पाया. पण तीन मीटरच्या बोअरमध्ये अशी एकच भेग आडवी लागली, तर तिथे मोजणाऱ्याला २ ल्युजॉनच्या आसपास दिसेल, ग्राउटिंगची (भेगांत सिमेंट भरण्याची) फारशी चिंता नको म्हणून तो जेवायला जाईल. लॅब आणि शेत यांचं भांडण बहुतेक वेळा इथेच असतं. कोणी खोटं बोलत नसतं.

माझं ऐकशील तर प्रबंधात डार्सी लिहूच नको, किंवा कंसात लिही. लिहायचं ते असं: फटीची जलीय रुंदी इतकी, अमुक दाबाला, अमुक पाण्यात, अमुक तापमानाला. तापमान विसरू नको. नाशकात थंडीत सकाळी लॅब २० अंश आणि दुपारी ३० असेल, तर पाणी पातळ होतं म्हणूनच पाव हिस्सा जास्त येईल.

शंकेखोर

हे ड्रिलच्या व्यासाचं वाचून गार झालो. म्हणजे "या दगडाची पारगम्यता किती" हा प्रश्नच चुकीचा?

निवृत्त_अभियंता

भेगाळ दगडासाठी, अर्धवट. वाळूसाठी बरोबर.

मिसळप्रेमी

धागा वर काढतोय. दगडफूल ताई, पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

दगडफूल

(नऊ दिवसांनी) आले. लांबलचक अपडेट आहे.

पहिल्या तुकड्यात दिशा उलटी केली. ११ चं १४ झालं आणि अर्ध्या तासात परत ११. म्हणजे गाळ थोडासाच. दोन्ही टोकांचा दाब वाढवला, जवळजवळ फरक नाही; हवाही फार दोषी नाही. तो तुकडा आता गेलाच.

दुसरा तुकडा अजून कोरा होता. मामांच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये आणलं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, व्यवस्थित हवा काढली. दाब ५ बार. चार दिवस: ३१, ३०, ३१, ३०. मी पहिल्या दिवशी आकडे बघत होते, चौथ्या दिवशी नुसतीच खिडकीतून बाहेर बघत होते, इतकं निवांत. उंची अर्धा मीटर केली, १५ आलं. म्हणजे प्रवाहही सरळ वागतोय.

मग दाब २० पर्यंत चढवला, १७. परत ५ वर आणला, २४. ३० परत मिळालेच नाहीत, काका म्हणाले तसंच. (पुन्हा चढवून उतरवलं, तेव्हा १६ आणि २४. आता स्थिर.)

शेवटी राहवेना. त्याच तुकड्यात, ५ बारलाच, डिस्टिल्ड पाणी सोडलं. संध्याकाळी १९. दुसऱ्या दिवशी सकाळी १५. मी एकटीच लॅबमध्ये ओरडले, दादा धावत आले. त्यांना वाटलं पाइप फुटला. परत विहिरीचं पाणी सोडलं तर १६ वरच अडकलंय. फुगलेली माती मागे जात नाही.

नंतर नळी काढून पहिला तुकडा भेगेत उघडला. हिरवा थर आता थर नाहीच, साबणाच्या बुळबुळीत लगद्यासारखा झालाय आणि वरच्या टोकाला, जिथून पाणी बाहेर पडायचं, तिथे गोळा झालाय. मध्ये एक बोटाएवढी पट्टी स्वच्छ धुतलेली. पाणी भेगेच्या सगळ्या रुंदीतून जात नव्हतंच, त्या एका वाटेने जात होतं!

निवृत्त_अभियंता

शाब्बास. त्या पट्टीचा फोटो प्रबंधात पहिल्या पानावर घाल. दोन काचांचं माझं चित्र तिथे तोकडं पडतं, आणि हे दाखवलंस तर परीक्षक प्रश्न विचारण्याआधी गप्प बसेल. आपण काढतो ती ०.१ मिमी ही एका सपाट भेगेची रुंदी आहे, जी प्रत्यक्षात कुठेच नसते. तितकंच पाणी सोडणारी.

एक राहिलं. रबरी नळीच्या कडेने गळती तपासलीस? २० बारला रबर चिकटून बसतं, ५ ला सैल असतं. आणि बसाल्टच्या अंगावर वायूच्या पोकळ्यांचे खड्डे असतात, देवीचे व्रण असल्यासारखे. त्यातून पाणी कडेने निघून जातं आणि भेगेच्या खात्यावर पडतं.

दगडफूल

खड्डे एम-सीलने बुजवले होते, तेही हलक्या हाताने, भेगेत जाऊ नये म्हणून. पण तपासलं नाही. कसं तपासू?

निवृत्त_अभियंता

त्याच मापाची अॅल्युमिनियमची भरीव सळई करून घे. नाशकात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कुठलाही लेथवाला अर्ध्या तासात करून देईल. कोअरच्या जागी ती घाल, ५ बारला पाणी सोड. येईल ते सगळं गळतीचं. आणि गुळगुळीत सळईवर शून्य आलं म्हणून खूश होऊ नको, पॉलिश पेपरने तिला जरा खरवडून घे.

बोअरवाला_बंडू

ताई, माघार. माझ्याकडे चांदवडच्या एका बोअरचा असा भेगवाला कोअर पडलाय, ४० फुटांवरचा. हवा असेल तर नाशकात द्वारका चौकात येतो घेऊन. पाणीही आणतो त्याच बोअरचं. 🙂

दगडफूल

बंडूदादा, हवाय! ओल्या फडक्यात गुंडाळून, वर प्लास्टिक लावून आणा, वाळू देऊ नका.

द्राक्षबाग

आणि मामा?

दगडफूल

मामांनी तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच खड्डा करून पाहिला होता. रात्री भरला, सकाळी कोरडा ठण्ण. कागद आणायला गेले आहेत. मला म्हणाले, "तुझ्या दगडाचं काय झालं ते सावकाश सांग, घाई नाही."

सळई झाली. खरवडूनही घेतली. ५ बारला मिनिटाला ०.४ मिली. तीसमधून वजा करायचे की नुसतं नमूद करायचं, काका?

निवृत्त_अभियंता

नमूद कर. वजा करू नको, कोअरची कड सळईसारखी नसते.